कडू घासाला मागितलेली दुसरी भाकर

आज दुपारी पिपरी मेघेतल्या आमच्या वाचन मंडळात एका कादंबरीवर चर्चा होती. नायिकेचा नवरा जातो, ती महिनाभर अन्नाला शिवत नाही, शेवटी नदीकाठी मनसोक्त रडते आणि सावरते. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली.

शीलाकाकू तेवढ्या गप्प होत्या. काकांना जाऊन अजून वर्ष व्हायचंय.

मग हळूच म्हणाल्या, "मले तर भूक लागली होती. माणसं घाटावरून परतली, जाऊबाईनं कडू घासाचं पिठलं-भाकर आणलं. सगळे घासभर खाऊन उठले. मी दुसरी भाकर मागितली. पिठल्यात मीठ कमी आहे, तेही समजलं. तेव्हापासून वाटून राह्यलं, माझा जीवच नव्हता का त्यायच्यावर?"

सविताताई म्हणाल्या, "काकू, आमचे हे गेले तेव्हा मी तर लोणचंही मागितलं होतं."

काकू इतक्या हसल्या की पदर डोळ्यांना लावावा लागला.

मी ठामपणे सांगते, दुःखात प्रत्येकाची भूक मरते हा कादंबऱ्यांनी पसरवलेला गैरसमज आहे. भूक लागली म्हणून प्रेम कमी होत नाही.

तुमच्यापैकी कोणी दुसरी भाकर मागितली होती? खाली लिहा. काकू वाचणार आहेत.