उसने डोळे

नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या ओळीत, दोन पितळी दुकानांच्या मधे चिणल्यासारखा एक फोटो स्टुडिओ आहे. दार इतकं अरुंद की जाड्या माणसाने आडवं होऊनच आत शिरावं. तिथे प्रेमानंद गजभिये बसतो. वय एकसष्ट, चष्मा कायम कपाळावर, आणि काम असं की ऐकणारा जरा सरकूनच बसतो. प्रेमानंद गेलेल्या माणसांचे डोळे उघडतो.

त्याचं असं आहे, माणूस हिंडता-फिरता असेपर्यंत त्याचा धड फोटो काढायचं कोणाला सुचत नाही. गेला, की पेट्या उचकटल्या जातात. मग निघतो कुठल्या तरी लग्नातला, पंगतीत वाकून वाढतानाचा, नाहीतर डोळे मिटलेला. तो घेऊन लोक प्रेमानंदाकडे येतात. कारण मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कोणी लावत नाही. पारशिवनीकडच्या एका शेतकऱ्याचा एकुलता एक फोटो बैलासोबतचा होता आणि बैलाचं शिंग बरोबर धन्याच्या कानावर आलेलं. प्रेमानंदाने शिंग काढलं, धाकट्या भावाचा कान लावला, अंगात कोट चढवला. बायकोने फोटो बघितला आणि म्हणाली, "हे कोट कधी घालत होते?" मग जरा वेळाने म्हणाली, "घातला असता तर असेच दिसले असते."

तो कोट प्रेमानंदाच्या बापाचा, लहानूचा, लग्नाच्या फोटोतून कापून ठेवलेला. नागपूरपासून भंडाऱ्यापर्यंत चारेकशे भिंतींवर वेगवेगळ्या तोंडांखाली तोच एक कोट आहे. आणि लहानूने तो जन्मात एकदाच घातला होता, तोही भाड्याचा.

हे सगळं प्रेमानंद सतरा वर्षं एकाच प्रोग्रामवर करत आला. काचेवर काच ठेवावी तसे त्यात थर ठेवता येत. सगळ्यात खाली मूळ चेहरा, त्यावर कोट, त्यावर कान, त्यावर डोळे. प्रत्येक थराच्या बाजूला एक बारीक खूण होती. तिच्यावर बोट दाबलं की तेवढा थर दिसेनासा होई. प्रेमानंद हे थर कधीच एक करून ठेवत नसे. नातेवाईक आठ दिवसांनी येऊन "नाक असं नव्हतं" म्हणणार, हे ठरलेलं. म्हणून सगळे चेहरे त्या प्रोग्रामच्याच खास फाइलींत, थर सुटे ठेवून साठवलेले. लोकांचे मूळ फोटो लोकांना परत.

त्या फाइलींत एक फाइल त्याच्या बायकोची होती.

चारुलताची गंमत अशी, की फोटोवाल्याची बायको असून तिचा एक फोटो डोळे उघडे असलेला नाही. फ्लॅश पडायच्या आधीच पापण्या खाली. प्रेमानंद चिडायचा. ती म्हणायची, "माह्यावर काहून चिडता? तुमच्या मशीनले सांगा, हळू ये म्हणा." सोळा वर्षांपूर्वी ती तापाने चार दिवसांत गेली. धंतोलीच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मांडायला फोटो हवा झाला. लोकांचे डोळे उघडणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बायकोसाठी डोळे नव्हते. त्याच आठवड्यात कोराडीची एक बाई, कुसुमताई, बसच्या पाससाठी फोटो काढून गेली होती. चेहऱ्याची ठेवण जवळपास तशीच. प्रेमानंदाने तिचे डोळे उचलले आणि चारुलताला लावले. कोणाला सांगितलं नाही. प्रीतम तेव्हा अकरा वर्षांचा. त्या फोटोसमोर मेणबत्ती लावत तो मोठा झाला.

घरातले बाकीचे फोटो पुढे नाग नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा पेटीत लगदा होऊन गेले. म्हणजे चारुलताचा खरा चेहरा, मिटल्या पापण्यांचा, आता एकाच ठिकाणी उरला होता. त्या फाइलीत, तळच्या थरात.

आणि भिंतीवरचा फोटो? तो स्टुडिओत दारासमोर होता. सोळा उन्हाळे दुपारचं ऊन त्यावर पडलं. आधी साडीचा रंग गेला, मग गाल गेले, मग ओठ. काळा रंग तेवढा टिकतो. कागद पांढरा पडत गेला तसे त्यातले डोळे ठळक होत गेले. नुसते दोन डोळे, तेही तिचे नाहीत.

एका सोमवारी प्रोग्राम उघडला तर वर पिवळी पट्टी. कंपनीने हा प्रोग्राम बंद केला आहे. तीस दिवसांनंतर तो उघडणार नाही. दुसऱ्या दिवशी पट्टीवर एकोणतीस होते.

सून मोनाली म्हणाली, "बाबा, सगळ्यात आधी जे महत्त्वाचं आहे ते काढून घ्या."

प्रेमानंदाने लोकांचे चेहरे आधी काढायला घेतले. एकेक फाइल उघडायची, साध्या फोटोत साठवायची. रामटेकच्या मास्तरीण बाई, कामठीचा बँडवाला, ज्याचा फुगलेल्या गालांचाच फोटो होता. चारुलताची फाइल रोज समोर यायची आणि तो पुढे जायचा. ती उघडली तर डोळ्यांचा थर मिटवावा लागणार होता. सोळा वर्षं ज्या खुणेवर त्याने बोट ठेवलं नव्हतं, तिच्यावर ठेवावं लागणार होतं. शेवटी करू, असं तो स्वतःला सांगत राहिला. पट्टीवर चार उरले तेव्हा अजून तीनशे चेहरे बाकी होते.

समोर लग्नपत्रिका छापणारे वामनराव चहाला आले. पट्टी वाचून हसले.

"एवढ्यासाठी तोंड सुकलं का गा तुह्यं? कंप्युटरची तारीख मागे ने. त्याले काय समजते आज कोणता वार हाय."

"चालते का असं?"

"माह्या पत्रिकेचा प्रोग्राम पाच वर्षं दिवाळीतच हाय. रोज दिवाळी. अजून पैसे मागतले नाही त्यानं."

वामनराव गेल्यावर प्रेमानंदाने तारीख काढली. एक महिना मागे न्यायची होती. बाणावर बोट ठेवलं आणि महिने मागे पळू लागले. मागच्या वर्षीचा उन्हाळा गेला, पुराचं वर्ष गेलं, प्रीतमची दहावी गेली. बोट उचलायला हवं होतं, ते त्याला कळत होतं. उचललं तेव्हा पडद्यावर सोळा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी होता. चारुलता आजारी पडायच्या आठ दिवस आधीची तारीख.

त्याने ती तशीच ठेवली आणि प्रोग्राम उघडला.

या वेळी पट्टी पिवळी नव्हती, लाल होती. तारखेशी छेडछाड झाली आहे, परवाना रद्द. प्रोग्राम आपणहून मिटला. त्याने तारीख आजची केली, मशीन बंद करून चालू केली, कंपनीचा नंबर फिरवला. तिकडे घंटा वाजत राहिली, उचलायला कोणी उरलंच नसावं. चार दिवस हातात होते, ते त्याने स्वतःच्या हाताने शून्य केले.

नवा प्रोग्राम निवडायचं काम मोनालीने अंगावर घेतलं. ती दुपारी लॅबमधल्या कामावरून आली की शेजारी स्टूल घेऊन बसे. तपासायला प्रेमानंद एकच फाइल देई. तिने विचारलं, "दरवेळी आईंचाच काहून?" तो म्हणाला, "ओळखीचा चेहरा असला की चूक लवकर दिसते."

पहिल्या प्रोग्रामने फाइल उघडली, पण सगळ्या थरांचा काला करून. साडी, चेहरा, डोळे, सगळं एकजीव. खालचं काही सुटं निघेना. दुसरा म्हणाला फाइल खराब आहे. तिसरा हुशार होता, नको तेवढा. फोटो घातल्याबरोबर त्याने चारुलताचा रंग उजळला, गालावरचा मस घाण समजून पुसला, आणि स्टुडिओतले सगळे चेहरे स्वतःच लावायला बसला. एकसारखी माणसं एका गोलात. मग पडद्यावर दोन बायका शेजारी-शेजारी आल्या आणि खाली प्रश्न आला: ही एकच व्यक्ती आहे का?

एक चारुलता. दुसरी कुसुमताई.

मोनाली हसली. "पाहा बाबा, हा येडा झाला. या बाईले आई समजून राहिला."

प्रेमानंद हसला नाही. त्याने वाकून भिंतीतलं बटण बंद केलं. पडदा काळा झाला, आणि त्या काळ्यात मागच्या भिंतीवरचे दोन डोळे दिसू लागले.

तिसऱ्या दिवशी दारातून एक जण आडवा होऊन आत आला. चाळिशीचा, वीजकेंद्राच्या कॉलनीतला, बुटांवर राखेची पांढरी पूड.

"जयभीम काका. मी उन्मेष, कोराडीहून. आई गेली मंगळवारी. कुसुमताई. तिनं एकदा तुमच्याकडं बसच्या पासचा फोटो काढला होता. रविवारी कार्यक्रम हाय. तो असन का तुमच्याजवळ?"

होता. बाकी तीनशे अडकले, पण कुसुमताईचा चेहरा नेमका बाहेर निघालेला होता. प्रेमानंद शोधू लागला.  उन्मेष बाकावर बसला, चहा घेतला आणि समोर बघत राहिला.  मग कप खाली ठेवून विचारलं, "या कोण?"

"माही बायको. जाऊन लय वर्षं झाले."

"माफ करा. आत आलो तसं मले वाटलं, आई पाहून राहिली." तो कसंनुसं हसला. "चार दिवस झाले, कुठंबी आईच दिसते. पण इथं तर जास्तच."

कुसुमताईचा मोठा फोटो छापून झाला. उन्मेषने तो दोन्ही हातांत धरला, एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. मग दाराला पाठ घासत निघून गेला. प्रेमानंदाला वाटलं, हा परत येईल. रविवारी भिंतीवर फोटो लावेल, रोज बघेल, आणि एक दिवस काय ते त्याच्या लक्षात येईल.

मोनाली कोपऱ्यात उभी होती. "बाबा, तो प्रोग्राम येडा नव्हता, नाही का?"

मग त्याने तिला सगळं सांगितलं.

"मग आईंचे खरे डोळे?"

"मिटलेलेच. ते मीच घालवले." भिंतीवरच्या डोळ्यांकडे बघत म्हणाला, "ज्याचे त्याले परत द्यावं लागते, बेटा. आता तिचा लेक नेऊन लावन ते घरी. दोन ठिकाणाहून एकच बाई पाहून राहिली, हे बरं नाही."

चौथा प्रोग्राम अगदी साधा होता. उजळ करत नव्हता, काही विचारत नव्हता, चेहरा ओळखत नव्हता. ब्रश द्यायचा आणि गप्प बसायचा. प्रेमानंदाने तो घेतला.

पहिल्या दुपारी त्याने थर एकजीव झालेली चारुलता त्यात घेतली आणि कुसुमताईचे डोळे पुसले. चारुलताच्या चेहऱ्यावर दोन पांढऱ्या खाचा राहिल्या. तेवढ्यापुरता त्याने पडदा दाराकडून वळवला. दुसऱ्या दुपारी पापण्या काढायला बसला. तिच्या एका पापणीवर फोडणीतली मोहरी उडाल्याचा बारीक डाग होता. डोळे मिटले तरच दिसायचा, म्हणून जगात फक्त त्यालाच माहीत. पण डावी की उजवी? तिचा चेहरा आठवायला त्याने स्वतःचे डोळे मिटले. ती समोर आली आणि कुसुमताईच्या डोळ्यांनी बघू लागली. पुन्हा मिटले, पुन्हा तेच. सोळा वर्षं भिंतीकडे बघून बघून आतलीही पुसली गेली होती.

मोनालीला विचारून उपयोग नव्हता, तिने सासू पाहिलीच नव्हती. शेवटी त्याने डाग डावीकडे ठेवला. फोटो छापला, जुना उतरवला, नवा लावला. मिटल्या डोळ्यांची बाई. भांडी घ्यायला आलेल्या बाया दारातून डोकावत आणि पटकन पुढे सरकत. मोनालीने आपल्या मोबाइलवर त्याचा फोटो काढून प्रीतमला पाठवला. प्रीतम चंद्रपूरला कामावर, शनिवारी घरी येतो.

शनिवारी दुपारी तो स्टेशनवरून थेट स्टुडिओतच आला. भिंतीकडे त्याने नीट बघितलंही नाही. खिशातून फोन काढत होता.

"बाबा, मोनालीनं पाठवलेला फोटो मिळाला. तुमच्याकडून आईचे डोळे मिटलेले राहिले होते ना? फोननं स्वतःच विचारलं, डोळे मिटलेले आहेत, उघडू का? मी हो म्हटलं."

त्याने फोन पुढे धरला. चारुलता बघत होती. स्वच्छ, ओलसर, टवटवीत डोळे. कुसुमताईचे नव्हते. कोणाचेच नव्हते. डावीकडचा डाग कुठेच नव्हता.

"अगदी आई," प्रीतम म्हणाला.  "मामाले पाठवला, मावशीले पाठवला. मामा म्हणते, हुबेहूब. हाच मोठा करून लावा ना."

मोनालीने सासऱ्याकडे बघितलं. प्रेमानंदाला 'ही तुझी आई नाही' म्हणायचं होतं. त्याआधी त्याने पुन्हा एकदा डोळे मिटून बघितलं, आणि या वेळी आत जी उभी होती ती याच नव्या डोळ्यांनी बघत होती. असेच तर नव्हते?

"जुना कुठं हाय?" त्याने विचारलं. "तुह्या फोनमधला, मिटल्या डोळ्याचा?"

"तो काढून टाकला बाबा. भीती वाटत होती पाहून."

प्रीतमने कचऱ्याच्या डब्याची खूण दाबून दाखवली. तिथे चारुलता होती, डोळे मिटून, करंगळीच्या नखाएवढी. खाली बारीक अक्षरांत आकडा होता. आणखी एकोणतीस दिवस.