इंजिनाच्या पोटातल्या अक्षता

रेवसकडच्या आमच्या गावात आजोबा मिठागरात राबले आणि मुलगे ट्रकधंद्यात शिरले, अशीच बहुतेक घरं. आमचंही तसंच. मी मात्र इंजिनियर होऊन बाबांच्या ट्रकच्या शेडमध्ये होडीची दोन जुनी डिझेल इंजिनं जोडत बसले होते. एकानं फक्त हवा ओढून दाबायची, दुसऱ्यानं फक्त डिझेल जाळायचं, आणि मधल्या नळीतून जाताना हवेनं धुराची फुकट जाणारी ऊब घ्यायची. तेवढ्याच डिझेलमध्ये जास्त काम, असा माझा दावा. बाबांना म्हटलं, "मिठागरात कसं, एका वाफ्यात पाणी तापतं, दुसऱ्यात मीठ पिकतं."

"तुजं अजून काय पिकलं न्हाय," बाबा म्हणाले.

त्यांनी मुदतच घातली. दसऱ्याला नवा ट्रक येणार, तो शेडमध्येच लागणार. तोवर इंजिन चाललं तर ठीक, नाहीतर ते भंगारात आणि मी ट्रकच्या ऑफिसात. त्या ऑफिसची मला धास्तीच होती. दिवसभर ड्रायव्हरांना "कुठं पोचलास?" एवढंच विचारायचं.

खंडेनवमीला आईनं पाने, पकडी, जॅक सगळं पुजलं, माझं इंजिनही. पुजलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटल्याशिवाय हलवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. त्यापायी बाबांनी एकदा पंक्चर झालेला ट्रक संध्याकाळपर्यंत रस्त्यात उभा ठेवला होता आणि वर ते मिरवलंही होतं. इंजिन हलवत नाही, जागेवरच चालवते, अशी पळवाट काढून मी दसऱ्याला सकाळी हँडल मारलं. फुस्स. पुन्हा मारलं, पुन्हा फुस्स. मधल्या नळीतला व्हॉल्व्ह हवा धरेना. आदल्या दिवशी पूजेआधी तर छान धरत होता.

"आई, काल काय केलंस याला?"

"काय न्हाय गो. कुंकू लावलं, आन् नळीच्या तोंडात दोन मुठी अक्षता टाकल्या. सणाचं उपाशी ठेवू त्याला?"

हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. नळी उघडायला पाना हवा, आणि पाने पूजेत.

बाबा दारात उभे होते. नवा ट्रक पेण सोडून निघाला होता. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या, पूजेपुढे हात जोडले आणि झेंडू बाजूला सारून पाना उचलला.

"अवो!" आई किंचाळली.

"तू गप. देवाला मी सांगन."

व्हॉल्व्हच्या फटीत तांदूळ अडकले होते. ते टोकरून काढले, नळी आवळली, आणि आम्ही बापलेकींनी मिळून हँडल फिरवलं. इंजिन खोकलं, अडखळलं आणि धडधडायला लागलं. मी वेड्यासारखी ओरडत होते. बाबा मात्र कान देऊन ऐकत राहिले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नव्या ट्रकचा ड्रायव्हर गावच्या वळणावर पोचला होता.

"गाडी भायेर आंब्याखाली लाव," बाबा फोनवर ओरडले. "शेड रिकामी न्हाय!"