गळ्यातला कांदा

माझा बाप नागपुरात एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. मी अकरा वर्षांची असताना मडमेच्या बुलडॉग कुत्रीला तीन पिल्लं झाली. एक घेऊन जा, म्हणाली. मी सगळ्यात गुबगुबीत, नाक पार चेपलेलं पिल्लू उचललं. सोबत आलेल्या आईनं ते खाली ठेवायला लावलं.

"थांब वं. आधी पळू दे त्याले."

बकरी घेताना ती असंच करायची. तिन्ही पिल्लं पळवली, मग एकेकाच्या नाकाशी कान नेला. माझं गुबगुबीत घोरत होतं. दुसऱ्याच्या डोळ्यांना चिपडं. तिसरं लुकडं, पण नाकपुड्या मोकळ्या, कातडीच्या घड्या कोरड्या.

"हा घे. याले दम पुरते."

"भुतासारखा दिसते."

"तू जन्मली तवा कशी दिसत होती, मले माहीत आहे."

शेजारची काकू म्हणाली, "साहेबाचं कुत्रं ते. नागपूरचा उन्हाळा नाही काढत."

ते मला लागलं. चैत्र लागताच मी त्याला सावलीत, ओल्या पोत्यावर बसायला शिकवलं. बसला की भाकरीचा तुकडा, उतरला की काही नाही. मारलं कधी नाही. आठ दिवसांत शिकला.

अक्कल माझीच गेली. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे कांदा जवळ ठेवतात. मी त्याच्या गळ्यात कांदा बांधला आणि भर दुपारी विहिरीवर गेलेल्या काकूला दाखवायला निघाले. तो तिथपर्यंतही पोचला नाही. जीभ निळी पडली, पाय पसरले. उचलून घरी पळाले.

आईनं पोटावर, पायांवर पाणी ओतलं, सुपानं वारा घातला. "कांदा तुह्या टाळक्यावर बांधाले पाह्यजे होता," म्हणाली. मी रडत होते. "रडून काय होते? पाणी आण."

दिवस कलला तेव्हा धाप कमी झाली. मी भाकरीचा तुकडा पुढे केला. त्यानं तोंड लावलं नाही. कसाबसा उठला, सरकत पोत्यावर जाऊन बसला आणि मग तुकड्यासाठी माझ्याकडे बघू लागला.

त्यानं तो उन्हाळा काढला, पुढचेही बरेच काढले. दुपारी मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की परकर दातात धरून मागे ओढायचा. तीन परकर फाडले. मी ओढू द्यायची.