पहिल्या नारळाची बोली

बातमी यमुनाने दिली. रोह्याहून पेणला फोन एरवी मीच करायची. त्या सकाळी रोह्याच्या अष्टमी भागातल्या माझ्या घरी तिचा फोन आला. "मॅडम, वहिनी गेल्या. पहाटेच." आणि लगेच पुढे म्हणाली, "शेड उघडू का नको?" यमुना आणि जना या दोघी, माझी भावजय शालिनीवहिनी जिथे राहत, त्या पेणमधल्या आळीतल्या घराघरांचा सुका कचरा निवडतात. तो प्रश्न मला तेव्हा कठोर वाटला. आज वाटते, त्या सकाळी विचारण्याजोगा तोच एक प्रश्न होता... आणि त्याने मला अजून स्वस्थ बसू दिलेले नाही.

मी महाविद्यालयात संस्कृत शिकवले. इतरांच्या वाक्यांचा अन्वय लावण्यात आयुष्य गेले. स्वतःचे काही लिहिण्याची वेळ या वयात प्रथमच आली आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे. वहिनींचा स्वभाव माझ्या अगदी उलट होता. बसणे त्यांना ठाऊक नव्हते. पंगतीत वाढतानाही त्या पुढच्या पदार्थाकडे निघालेल्या असत, आणि समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी उत्तर देऊन मोकळ्या होत. ते उत्तर पुष्कळदा लागत असे. मलाही लागले आहे. "वन्सं, तुमचा विचार होईस्तोवर दिवाळी येईल," हे मी कितीदा तरी ऐकले.

कचऱ्याचे काम त्यांनी अंगावर घेतले ते माझा भाऊ गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. आळीमागचा नाला प्लास्टिकच्या पाकिटांनी तुंबला आणि टोकाला असलेल्या पद्माकरभाऊंच्या गणपती कारखान्यात पाणी शिरले. रंगायला काढलेल्या शाडूच्या मूर्ती बुडापासून विरघळू लागल्या. घोटाभर पाण्यात उभ्या राहून वहिनींनी हातातले पाकीट भाऊंना दाखवले. "हे माझ्याच घरातलं आहे. निदान माझ्याच वाण्याकडचं." मूर्ती गेल्याचे दुःख होते म्हणून असेल, किंवा वहिनींना नाही म्हणणे अवघड होते म्हणून असेल, भाऊंनी कारखान्यालगतची जुनी शेड कचरा निवडायला दिली.

पण नुसत्या जागेने काम चालत नाही. पुठ्ठा आणि बाटल्या भंगारवाला नेई, त्याचे थोडे पैसे येत; चकचकीत पाकिटांना आणि फाटक्या पिशव्यांना कोणी हात लावत नसे. निवडण्याची मजुरी मात्र सगळ्याचीच द्यावी लागे. वहिनींनी घरटी वर्गणी ठरवली. पहिले काही महिने ती आली. मग दारे अर्धीच उघडू लागली. एका गृहस्थांनी तर रोखठोक विचारले, "कचरा आमचा, धुवायचा आम्ही, आणि वर पैसेही आमचेच?"

"कचरा तुमचा, एवढं तरी कबूल केलंत," वहिनी म्हणाल्या. हशा पिकला, वर्गणी मात्र आली नाही. यमुना-जनाची मजुरी थकण्याची वेळ आली.

आमच्याकडे उत्तरपूजा झाली की मंडळाच्या गणपतीपुढच्या नारळाची आणि फळांची बोली लागते. पहिला नारळ मानाचा. तो ज्याच्या घरी जातो त्या घराचे वर्ष चांगले जाते, अशी श्रद्धा आहे. त्या वर्षी वहिनी थेट मांडवात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पहिल्या नारळाचे पैसे शेडला द्या.

पद्माकरभाऊ मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, "जागा दिली, आता नारळपन पायजे? देवाचा पैसा कचऱ्यात घालायचा व्हय?"

"काल मखराचा फोम नाल्यात कुणी टाकला, ते देवाला विचारू का?"

शेडच्या नावाने नारळ ठेवला गेला, पण बोली लागेना. कचऱ्याचा नारळ देवघरात कोण नेणार? शेवटी वहिनींनीच बोली लावली. पुढे कोणी बोलेना, आणि वाट पाहणे तर त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी स्वतःच्याच बोलीवर बोली चढवली.

"वहिनी, तुमच्याच डोक्यावर तुम्ही चढताय," भाऊ म्हणाले.

"मग उतरू?"

सगळा मांडव हसला. त्या हसण्यात कोपऱ्यातून तिसरी बोली आली, मग चौथी. तो नारळ औषधांच्या दुकानदाराकडे गेला आणि शेडचे वर्ष निघाले. पुढे आळीत त्या नारळाची चढाओढ होऊ लागली. पण प्रत्येक वेळी सुरुवात वहिनींनीच करायची, हा जणू नियम होऊन बसला. आम्ही सर्वांनी ते काम त्यांच्यावर सोडून दिले होते...

यंदा अनंत चतुर्दशीला मी पेणला गेले. तेरावा होऊन फार दिवस झाले नव्हते. मांडवाच्या मागच्या बाजूला यमुना-जना उभ्या होत्या. भाऊ खालच्या आवाजात मला म्हणाले, "यंदा ऱ्हाऊ द्या, ताई. वहिनी नाय, कोन उठनार? नारळ मंडळाच्या खात्यात घेऊ."

विचार करायला मला एरवी दिवाळीपर्यंतचा अवधी लागला असता. मी बोली लावली. ती कोणालाच ऐकू गेली नाही. भाऊंनी कानामागे हात धरला. मी पुन्हा बोलले. आवाज माझाच आहे याची मला खात्री नव्हती. भाऊंनी आकडा जाहीर केला, मांडवावरून नजर फिरवली आणि नारळ उचलून हातात धरला. मग स्वतःच म्हणाले, "ह्याच्यावर माझी." मागून कोणी आणखी चढवले, भाऊंनी त्यावर चढवले, आणि नारळ कारखान्यात गेला. यमुना शेडकडे वळली.

एक वर्ष निघेल. पुढच्या वर्षी काय, ते मला सांगता येत नाही.

मिरवणूक गेल्यावर मी वहिनींचे घर उघडले. त्यांचा मुलगा, माझा भाचा, पुण्याला परतल्यापासून ते बंदच होते. स्वयंपाकघरात मोरीवरच्या तारेला दुधाच्या पिशव्या चिमट्यांनी टांगलेल्या होत्या, धुतलेल्या, उलट्या केलेल्या. त्यांच्या शेवटच्या आठवड्यातले दूध... घरात एवढी माणसे येऊन गेली, पण त्या पिशव्यांना कोणी हात लावला नव्हता. मी एकेक चिमटा काढला, पिशव्या एकावर एक ठेवल्या आणि शेडवर नेल्या.

यमुनाने त्या बोटांनी चाचपून पाहिल्या. "सुकल्यात चांगल्या," ती म्हणाली, आणि पोत्याचे तोंड माझ्यापुढे धरले.