आईच्या नावाचं अक्षर

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती त्या दुपारी बँकेत होती, आणि संध्याकाळी ती घरी येईपर्यंत सांगण्यासारखं काही घडलंच नाही, असं मी स्वतःला पटवलं होतं. मग तुम्हाला का सांगतोय? कुणास ठाऊक. पोटात ठेवून ठेवून आता ते पोटात राहत नाही, एवढंच.

आम्ही तंजावरकडचे मराठी. इकडे आडनाव कुणी विचारत नाही — नावाआधी वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर लावलं की झालं. वडील गोविंदराव, म्हणून मी आणि माझा थोरला भाऊ अण्णा, दोघेही 'गो'. अण्णाने जातीबाहेरच्या तमिळ मुलीशी लग्न केलं तेव्हा वडील चार माणसांसमोर म्हणाले, "यापुढे माझं नाव लावायचं नाही." अण्णा हट्टी. त्याने सरकारी राजपत्रात रीतसर छापून नाव बदललं, असं कानावर आलं. कोणतं घेतलं, ते कळलं नाही. वडील गेले, आईला मी चेन्नईला माझ्याकडे आणलं. ती सारखी म्हणायची, अण्णाला शोध. मी म्हणायचो, नावच ठाऊक नाही तर शोधू कुठे? आणि — खरं सांगू? — असं म्हणताना मला बरं वाटायचं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. दुपारी दार वाजलं. मी रजेवर होतो, आई आतल्या खोलीत पडली होती. दारात विशीतली एक मुलगी, तांबरमहून लोकलने आलेली. नाक थेट अण्णाचं! तिच्या हातात त्या राजपत्राच्या पानाची प्रत होती. त्यावर अण्णाचं जुनं नाव, वडिलांचं नाव आणि आमच्या तंजावरच्या घराचा पत्ता. ती आधी तिकडे जाऊन आली होती, शेजाऱ्यांनी तिला माझा पत्ता दिला.

अण्णा गेला होता. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, तिचा भाऊ करणार होता. श्राद्धात मागच्या पिढ्यांची नावं घ्यावी लागतात. आजोबांचं नाव त्या पानावर होतं, त्याच्या मागचं तिच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या घरातल्या जुन्या मराठीत, अडखळत ती म्हणाली, "आजोबांच्या अप्पाचं नाव मज पाहिजे, चित्तप्पा." अप्पा म्हणजे वडील, चित्तप्पा म्हणजे काका. मला जन्मात कुणी तशी हाक मारली नव्हती.

मी पान वाचलं. अण्णाने नाव तेच ठेवलं होतं, फक्त आधीचं अक्षर बदललं होतं. 'गो'च्या जागी 'का'. कावेरी — आमची आई.

मी काय केलं? पान परत दिलं आणि तमिळमध्ये म्हणालो, घर चुकलं तुमचं. आम्हाला मराठी येत नाही.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "कोण आलंय रे? उन्हाचं आलंय, पाणी तरी दे त्याला."

मुलीला ते कळलं. शब्दन् शब्द कळला. तिने माझ्याकडे पाहिलं — रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं — आणि जिना उतरून गेली. मी हाक मारली नाही. आईला सांगितलं, गॅसवाला होता.

आईला धक्का बसला असता म्हणून लपवलं, असं बरीच वर्षं मनाशी म्हणत आलो. साफ खोटं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तसं माझं झालं होतं. औषधं मी आणायचो, डॉक्टरकडे मी न्यायचो, पाय मी चेपायचो, आणि आईचे डोळे कायम दाराकडे — अण्णासाठी. आणि त्याने आपल्या नावाआधी तिला लावलं होतं! हे तिला कळलं असतं तर माझ्यासाठी काय उरलं असतं? मला हेवा वाटला. मेलेल्या भावाचा. याहून हलकी गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही.

त्यानंतर ती पोर आली नाही. का येईल? तांबरम काही लांब नाही, लोकलने अर्ध्या तासावर. मीही गेलो नाही. आमच्या आजोबांचं नाव तिला न कळताच ते श्राद्ध झालं असणार.

पुढच्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. मीच भरवायचो. एकदा रसमभात भरवताना तिने माझं मनगट धरलं.

"बापाचं नाव टाकलं, ते समजतं मज," ती म्हणाली. "बोललेच ते तसं. पण मी काय केलं होतं रे? मजही का टाकलं त्याने?"

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडाशी आलंही होतं. ती उत्तराची वाट बघत माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी पुढचा घास कालवला.