आजीची अंगाई, टेक्सासमध्ये

आज ऑस्टिनजवळच्या एका जत्रेत साउंडचेक करत होतो. तेवढ्यात बार्बेक्यूचा धूर स्टेजवर आला आणि मला बाबांची ती दुपार आठवली.

तेव्हा आमचा सदर्न रॉकचा बँड नवा होता. मी इंजिनिअरिंग सोडून गिटार हातात घेतल्यापासून बाबा माझ्या वाजवण्याबद्दल चकार शब्द काढत नसत. त्या दुपारी मात्र ते शुगर लँडच्या घरून एकटेच ड्राइव्ह करून अशाच एका जत्रेत आले आणि ऑफिसच्या इस्त्रीच्या शर्टात, काउबॉय हॅटांच्या गर्दीत सगळ्यांच्या मागे उभे राहिले. मी बोटात काचेची नळी घालून तारेवर एक सूर लांब ओढला. नागपूरची आजी मला झोपवताना जी अंगाई गायची, तिची चाल मी आमच्या गाण्यात घेतली होती.

शो संपल्यावर पांढऱ्या दाढीचा एक चाहता जवळ आला. "ही धून कुठली रे, पोरा?"

मी बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "माय मदर्स."

त्या माणसाने हॅट काढली आणि बाबांचा हात हातात घेतला.

गाडीपाशी बाबा मला म्हणाले, "शेवटचा सूर जरा हळू सोड. आई तसा सोडायची." मग त्यांनी तो गुणगुणून दाखवला. त्यांना गाताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"अजून एक कडवं आहे," ते म्हणाले. "दौरा संपवून घरी आलास की शिकवतो."

मी त्या दौऱ्यावरून परतायच्या आत बाबा गेले.

आता ते गाणं लोक माझ्यासोबत गातात. दुसऱ्या कडव्याच्या जागी मी नुसती गिटार वाजवतो.