थंडी म्हंजी किती?

हिमालयात आम्ही होतो जेमतेम दहा-बारा दिवस. पण किस्से विचाराल तर निम्म्याहून जास्त निघायच्या आधी, इकडे माधवनगरच्या कापड मिलच्या मुलखातच घडले! चार माणसं चहाला जमली की कुणीतरी म्हणतंच, "तो बर्फाच्या कारखान्याचा सांग की." एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा आलाच. आता बसलाच आहात तर ऐका.

मंडळी तीनच. मी मिलच्या ऑफिसात क्लार्क. दत्तू आटपाडीचा, लूमवर. आणि गेटवरचे सुभेदार. ते साताऱ्याकडचे, फौजेत बर्फातल्या चौक्यांवर वर्षं काढून रिटायर झालेले. साल एकोणीसशे पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराचं असेल. दत्तूचा थोरला भाऊ शंकर तेव्हा तसल्याच एका चौकीवर होता. त्याच्या पत्रात एक वाक्य ठरलेलं, 'इकडे थंडी आहे, बाकी ठीक.' आई दर पत्राला विचारायची, "थंडी म्हंजी किती रं?" आता आटपाडीत ते सांगणार कोण! म्हणून दत्तूला बर्फ बघायचा होता. सुभेदार ओळखीच्या एका खिंडीपर्यंत न्यायला तयार झाले, पण अट घातली, "कापडात जो नापास, तो घरी." मला आपलं जगातल्या सगळ्याच गोष्टींचं कुतूहल, म्हणून मीही घुसलो.

* * *

आम्ही पडलो मिलवाले. मिलचंच जाड ड्रिल आणलं, आत बोटभर कापूस भरला आणि टेलरकडून दोन कोट शिवून घेतले. घालून ऐटीत गेटवर गेलो. सुभेदारांनी दत्तूचा कोट उतरवून त्याची बाही पाण्याच्या बादलीत बुचकळली.

"आता घाल."

"आवं, बर्फात पानी कुठनं यील?"

"तुझ्यातनंच यील की! चढाला घाम फुटंल, कापूस त्यो पिऊन बसंल, आन थांबलास की तुलाच गारठवंल. सूत बर्फात वैरी हाय गड्या."

सुताचं खाऊन सुताला शिव्या! दत्तू इतका चिडला की दोन दिवस सुभेदारांशी बोलला नाही. मी मात्र घरी जाऊन ओली बाही घालून पंख्याखाली बसून पाहिलं. एप्रिलमध्ये शिंका आल्या. म्हातारा खरं बोलत होता. ते कोट राहिले बाजूला, लोकरीचे दुसरे शिवून घेतले.

* * *

मग बूट. सुभेदारांचा हुकूम होता की लोकरीचे दोन-दोन मोजे घालूनच माप द्यायचं, आत बोटं नाचली पाहिजेत. सांगलीच्या भर उन्हात, पायात डबल मोजे घालून, आम्ही दुकानात शिरलो. दुकानदार एकदा मोज्यांकडे बघतो, एकदा आमच्या घामाकडे.

"काय हो, थंडी वाजून आलीय का?"

दत्तू शांतपणे म्हणाला, "अजून न्हाई. फुडच्या म्हैन्यात वाजनार हाय."

त्यानं आम्हाला आधी पंख्याखाली बसवलं आणि मगच बूट दाखवले.

* * *

पांघरायला काय, तर घोंगडी. म्हसवडच्या बाजूला एक म्हातारा धनगर होता, त्याच्याकडे गेलो. कापड दिसलं की मिलवाल्याचा हात गप्प बसतो होय? आम्ही दोघं लागलो पोत चाचपायला, धागे मोजायला. दत्तूनं लूमवाल्याच्या थाटात विचारलं, "धाग्याला खळ कशाची?"

"चिंचोक्याची. कुटं निगालाय?"

"बर्फात."

"तितं मेंढरं हायत?"

"न्हाईत."

"मग कशाला जाताय?"

त्यानं घोंगडीवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी वरच्या वर ओघळून गेलं. दत्तू मान खाजवत म्हणाला, "पर लय टोचतीय हो आबा."

"टोचत न्हाई ती घोंगडी न्हवं रं, लुगडं!"

* * *

आता तो बर्फाच्या कारखान्याचा. सांगलीत थंडी आणायची कुठून? सुभेदारांनी ओळख काढून आम्हाला लाद्या ठेवायच्या खोलीत अर्धा तास बसवलं. मग म्हणाले, "हातमोजं न काढता कोटाची बटनं लाव आन काडी पेटीव."

माझं कसंबसं जमलं. दत्तूला बटण सापडेना. चिडून त्यानं हातमोजेच काढले, तर बोटं आखडलेली, काडीपेटी हातातून सुटून लाद्यांखालच्या पाण्यात.

"नापास," सुभेदार म्हणाले. "तू ऱ्हा घरी."

दत्तूचा चेहरा असा पडला की मला बघवेना. बाहेर आल्यावर त्यानं पहिल्यांदाच आईचं सांगितलं. "पत्र आलं की म्हातारी दोन दिस धड जेवत न्हाई वो. मला फकस्त बघून यायचंय आन तिला सांगायचंय."

सुभेदारांनी त्याच्या कोटाचं बटण चिमटीत धरून बघितलं. मग म्हणाले, "बारकी बटनं काडून नाड्या लाव. मोठ्या. रोज हातमोजं घालून पन्नास येळा बांधायच्या आन सोडायच्या." दत्तू लूमच्या सुट्टीत नाड्या बांधत बसायचा. लोक म्हणायचे, मिलमध्ये एक येडा झालाय!

* * *

मे महिन्यात एकदाचे हिमालयात पोचलो. खिंडीच्या अलीकडे दत्तूचे दोन्ही पाय बर्फाखालच्या ओढ्यात गेले. बुटात पाणी शिरलं, पण आपल्याला माघारी धाडतील म्हणून पठ्ठ्यानं सांगितलंच नाही. दिवसभर कुरकुर करणारा माणूस एकाएकी गप्प झाला, तेवढ्यावरून सुभेदार थांबले. "ह्यो बोलंना का झालाय? काढ बूट."

बोटं पांढरीफटक पडली होती. मी सामानातला स्टोव्ह पेटवायला धावलो, तसे ते ओरडले, "शेकू नगंस! चोळू बी नगंस!" त्यांनी स्वतःचा कोट उघडला, स्वेटर वर केला आणि ते दोन्ही गार पाय आपल्या उघड्या पोटावर घेतले. म्हातारा दात आवळून बसला. मी वर कोट धरून उभा.

"काय लागतंय का पायाला?" सुभेदारांनी विचारलं.

"न्हाई."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. अचानक दत्तूनं बोंब ठोकली, "आई गं, मेलो! लय दुखतंय!"

सुभेदार खदाखदा हसायला लागले. "दुखू दे! दुखू दे लेकाच्या! दुखतंय म्हंजी पाय जित्ता हाय!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. खिंड काही आम्ही बघितली नाही, तिथूनच परत फिरलो.

* * *

परत आल्यावर मी दत्तूबरोबर आटपाडीला गेलो. आईनं पाणी दिलं आणि पहिला प्रश्न तोच.

दत्तू म्हणाला, "काय न्हाई गं. आपल्याकडं पुसाच्या म्हैन्यात असती तेवढीच. शंकर उगंच ल्हितोय."

आई "बरं" म्हणाली, भाकरी वाढली. जेवण झालं, दत्तू सोप्यात आडवा झाला. ऊन असं की पत्रा तडतडत होता. मी वारा घेत बसलो होतो, तेवढ्यात आई पोस्टकार्ड घेऊन माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "लेकरा, त्यो निजलाय तवर शंकरला चार वळी ल्ही."

मी पेन उघडलं.

"ल्ही, दत्तू बघून आलाय. थंडी लय न्हाई म्हनतोय. आमाला काय काळजी न्हाई."

मी लिहिलं. तिनं सोप्यात निजलेल्या दत्तूकडे मान वळवून बघितलं.

"आन म्हनावं, धाकटा हितं ह्या उनात पाय पोटाशी घिऊन निजतोय. तू कसा निजतोस?"